खोट्या मयतीला खांदा

डोक्याकडचा डावा कोपरा एकाएकी खाली गेला आणि जनाज्यात निजलेला शेकुवे काथ्याच्या जाळीवर चार बोटं घसरला. पुढच्या पावलाला कोपरा वर आला. त्याच्या पुढच्याला पुन्हा खाली. खांदेकरी बदलला, एवढंच त्याला आधी कळलं. इतका वेळ त्या कोपऱ्याखाली जुंबे होता. उंच, धडधाकट, मिरवणुकांत चालून चालून ज्याचं पाऊल झोपेतही चुकलं नसतं असा जुंबे. आता हे कोण लंगडं मध्येच घुसलं? चादरीखाली त्याला चीड आली. नाकावर चादर चिकटत होती, अंगातल्या जाड कोटाखाली घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि त्यात ही अशी हिंदकळ. मग वास आला. जहाजाच्या फळ्यांना लावतात त्या मुशी माशाच्या तेलाचा; कितीही साबण लावला तरी कातडीतून न जाणारा. प्रत्येक वेळी कोपरा खाली जाताना नाकातून निघणारा एक बारीकसा हुंकारही कानाजवळ ऐकू आला. ही चाल शेकुवेच्या ओळखीची होती. ओहोटीच्या चिखलातून याच खांद्यावर बसून तो किती वेळा जहाजांपर्यंत गेला होता, आणि तेव्हा सगळी खाडी त्याच्या डोळ्यांपुढे अशीच खालीवर व्हायची. खाडीपलीकडे लिकोनीला असायला हवा तो आपला बाप मोंबासाच्या भर गल्लीत आपल्या जनाज्याला खांदा देऊन चाललाय, हे त्याला कळलं. आणि कळूनही तो हलला नाही.

हलणार कसा? आज सगळं त्याच्या न हलण्यावरच तर होतं. मोंबासात तेव्हा जवान पोरांचे दोन बेनी होते, मनोवारी आणि चुई. बेनी म्हणजे बँड, नाच, गोऱ्यांसारखे गणवेश, जनरल आणि ॲडमिरल, आणि एकमेकांचं नाक कापण्यासाठी कमावलेलं सगळं चार दिवसांत उधळून टाकणं. आगगाडी आल्यापासून गावात पगारी पोरं वाढली होती आणि पगाराबरोबर मस्तीही. गेल्या ईदेला चुईवाल्यांनी मनोवारीच्या नावानं एक गाढव मढवून गल्लोगल्ली फिरवलं होतं, डोक्यावर खलाशाची टोपी घालून. त्याचा सूड म्हणून आज चुईच्या राजाची मयत निघाली होती. ढोल नाहीत, कर्णे नाहीत. मशिदीतल्यासारखाच हुबेहूब जनाजा बांधलेला, मागे दीडशे पोरं माना खाली घालून चाललेली. कलमा म्हणायची छाती मात्र कुणाचीच झाली नव्हती. म्हणून नुसतं ओठ मिटून हुं हुं करत चालायचं ठरलं होतं. समुद्रावर पोचल्यावर शिटी वाजणार, लपवून आणलेले ढोल कडाडणार आणि मुडदा चादर फेकून उठून नाचणार. मुडदा शेकुवे. चादरीखाली त्यानं घातलेला सोनेरी पट्ट्यांचा निळा कोट त्यानं स्वतः शिवला होता, गोवेकर शिंप्याच्या दुकानात नोकरी करता करता मालकाची नजर चुकवून. नाच झाला की त्याच कोटावर मनोवारीचा जनरल कोंबो कॅप्टनची फीत लावणार होता. दोन वर्षं तो त्या फितीसाठी झुरला होता. दुसऱ्या कशासाठी माणूस झुरतो हे त्या वयात त्याला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुढेही फारसं कळलं नाही.

"कोण गेलं रे लेकरांनो?" बापानं विचारलं. कानानं जड झालेली माणसं बोलतात तसा तो ओरडूनच बोलत होता.

"चुईचा राजा गेला, आजोबा," जुंबे बाजूनं चालत म्हणाला. हसू दाबल्यामुळे त्याचा आवाज रडवेला झाला होता आणि ते छानच जमलं होतं.

"कोण?"

"जवान पोरगा होता हो! काल रात्री जेवला, सकाळी गार."

"अरेरे. कुणाचा?"

"कुणाचा नाही. आई ना बाप. बेवारशी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बापाला ते हुंदक्यासारखं वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "रडू नका, रडू नका. मी चालतो शेवटपर्यंत. कुणाचा नाही असं कसं होईल? बापाच्या जागी मी चालतो." आणि ज्या हुं हुं मध्ये इतका वेळ शब्दच नव्हता त्यात त्याच्या फुटक्या, थकलेल्या आवाजात कलमा सुरू झाला. आजूबाजूचं हसणं हळूहळू थांबलं. दुकानांच्या ओट्यांवरचे लोक, ज्यांनी या पोरांना ओळखून तोंडं वाकडी केली होती, ते आता उठून उभे राहत असावेत. चपलांचे आवाज शेकुवेला ऐकू येत होते. रुळांवरची एक ढकलगाडी थांबली. बापाच्या तोंडच्या कलम्यानं ती मयत खरी करून टाकली होती. शेकुवेच्या मनात पहिला विचार आला तो असा की झक्क, यानं तर रंगच भरला. त्या विचाराची त्याला लाज वाटली, पण तो आधी आला होता हेही खरं.

आता चादरीतून एक हात काढून "बाबा" म्हणायचं, एवढंच काम होतं. हात कुशीलाच राहिला. कारण मनोवारीत शेकुवेला बापच नव्हता. म्हणजे होता, पण तो मेलेला होता, आणि तो हा नव्हता. पहिल्या दिवशी कोंबोनं विचारलं होतं, "कुणाचा तू?" समोर वखारवाल्यांची पोरं बसली होती, कारकुनांची पोरं, एक तर लिवालीच्या, म्हणजे सुलतानाच्या सुभेदाराच्या, मुनशीचा पुतण्या. त्यांच्यापुढे जहाजांच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठोकणाऱ्या लंगड्या फमाऊचा मुलगा, असं सांगायचं? शेकुवेच्या तोंडातून सहज निघून गेलं: नाखवा मसूदचा. असा कुणी नाखवा त्याच्या माहितीत नव्हता. पण नाव निघताच त्याला जहाज मिळालं, पांढरी दाढी मिळाली, आणि पेम्बा बेटाच्या वाटेवर वादळात मरणही मिळालं. पोरं हळहळली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वर्गणी काढून नाखवा मसूदच्या नावानं फातेहा पढवला, बकरा कापला, पुलाव केला, आणि शेकुवे त्या पुलावापुढे बसून खरोखरच रडला. इतका रडला की कोंबोनं त्याला मिठी मारली. तसं रडणं त्याला पूर्वी कधी आलं नव्हतं आणि रडून झाल्यावर त्याला भूकही सणसणीत लागली होती. त्या दिवशी तो होडीनं खाडी ओलांडून घरी गेला तेव्हा बाप अंगणात कापसाचा पीळ करत बसला होता, आणि जिवंत माणूस इतक्या निवांतपणे कसा बसतो याचाच त्याला राग आला होता. त्यानंतर त्याचं घरी जाणं कमी कमी होत गेलं.

"द्या आजोबा, ते गाठोडं इकडे द्या. एका हातानं कशाला कसरत करताय?" जुंबे म्हणत होता.

"घे बाबा. नीट धर. वडे आहेत आत. माझ्या मुलासाठी."

"वडे?"

"नारळाच्या रसातले, तांदळाचे. त्याच्या आईनं पडल्या पडल्या सांगून शेजारणीकडून करून घेतलेत. त्याला वेलची जास्त लागते."

गाठोडं सोडल्याचा आवाज आला नाही, पण वास आला. चादरीतून, तेलाच्या वासातून वाट काढत वेलचीचा वास थेट शेकुवेच्या घशापर्यंत गेला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं; मुडद्याचं पोट हलू नये म्हणून त्यानं उपास काढला होता. आणि मग त्याच्या कानापासून हातभर अंतरावर जुंबे चावू लागला. चावण्याचा आवाज इतका मोठा असतो हे शेकुवेला ठाऊक नव्हतं. जुंबेनं एक वडा मागे दिला, मागच्यानं त्याच्या मागे दिला. "आईशप्पथ!" कुणीतरी कुजबुजलं. "आजोबा, तुमच्या पोराची चैन आहे," जुंबे भरल्या तोंडानं म्हणाला. बापाला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. माणूस आणि खांब यांतला फरक त्याला हललं तरच कळायचा.

"कुठं असतो मुलगा?"

"मनोवारीवर," बाप अभिमानानं ओरडला. "दोन वर्षं झाली मनोवारीवर आहे. कॅप्टन होणाराय आता."

शेकुवेच्या पाठीखालची काथ्याची एकेक गाठ त्याला वेगळी जाणवू लागली. चूक त्याची एकट्याची नव्हती. शब्दच तसा होता. त्या गावात मनोवारी म्हणजे तोफा लावलेलं इंग्रजांचं जहाज, आणि त्याच नावाचा हा पोरांचा बेनी. गेल्या रमजानात घरी गेला असताना आईनं विचारलं, काय करतोस रे तिकडे इतके दिवस? तो म्हणाला, मनोवारीत आहे मी. आईचा चेहरा असा उजळला की त्याला पुढचं बोलणं जड गेलं. म्हणजे त्या पांढऱ्या जहाजावर? ती म्हणाली. त्यानं मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग तिनं विचारलं, गोरे मारत तर नाहीत ना? जेवायला काय देतात? समुद्रात लांब गेलात की नमाजाची दिशा कशी कळते? तो उत्तरं देत गेला. एकेक उत्तर चांगलं जमत गेलं. शेवटी तर पुढच्या वर्षी कॅप्टन होईन असंही तो म्हणाला, आणि ते काही खोटं नव्हतं. तेव्हापासून बंदरात इंग्रजांचं जहाज आलं की आई लिकोनीच्या टेकाडावर जाऊन उभी राहायची, आणि पाणवठ्यावरच्या बायकांना सांगायची, माझा आलाय बघा. तो घरी का येत नाही हे तिला कुणी विचारलं तर तीच उलट समजूत घालायची, जहाज सोडून कसा येईल?

जुंबेला ठसका लागला होता. खोकून खोकून, सावरून तो म्हणाला, "मनोवारीवर? आजोबा, अहो मग आम्ही सगळे मनोवारीवालेच की!"

"तुम्ही?" बापाचा आवाज एकदम बदलला. कोपरा जागच्या जागी थांबला आणि सगळा जनाजा तिरका झाला. "खरं सांगता? अरे, मी सकाळपासून बंदरावर हिंडतोय. शिपायानं दोनदा हाकलून दिलं. दुसऱ्यानं काठी घातली पाठीत. मी म्हणतोय, भांडायला नाही आलो, मुलाला न्यायला आलोय. त्याची आई... चार दिवस झाले, पाणीसुद्धा उतरत नाही घशाखाली. डोळे दाराकडे. शुद्धीवर आली की एकच, आला का, आला का. आज सकाळी म्हणाली, वडे घेऊन जा, वास आला की येईल तो. वेडी." बाप हसला बहुतेक. "तुम्ही त्याच्याबरोबरचे? अल्लानंच भेटवलं मग."

"चला, चला, थांबू नका," कोंबोचा दबका आवाज पुढून आला. जनाजा पुन्हा हलू लागला.

"नाव काय तुमच्या पोराचं?" जुंबेनं विचारलं. आता त्याच्या आवाजात चेष्टा कमी होती आणि ते जास्त भयंकर होतं.

शेकुवेनं डोळे मिटले. ते मिटलेलेच होते, पण त्यानं ते आणखी आत कुठंतरी मिटले.

"खांद्यावर मयत असताना जित्या माणसाचं नाव घेऊ नये, लेकरा," बाप म्हणाला. "याला आधी मातीला लावू. मग सांगतो. मग मला तेवढा त्याच्याकडे घेऊन चला."

म्हणजे समुद्रापर्यंत वेळ होता. शेकुवे रस्ता मनातल्या मनात चालू लागला. आता तांबटांची दुकानं. ठोक्यांचा आवाज थांबला, म्हणजे तेही उभे राहिले असणार. मग उतार, उतारानंतर किल्ल्याची भिंत, तिथे सावली लागेल; मग पुळण. उतारावर म्हाताऱ्याचं पाऊल घसरलं तर? त्याचा पाय आखूड आहे, उतारावर त्याला नेहमीच त्रास होतो. एखाद्या दगडाला ठेचाळून तो खाली बसला, कुणी त्याला कडेला नेऊन पाणी पाजलं, आणि मयत पुढे गेली, असं झालं तर काय हरकत आहे? थोडं खरचटेल. फार नाही. शेकुवेनं ते अगदी नीट डोळ्यांपुढे आणलं. कुठला दगड, कुठली पायरी, हेसुद्धा ठरवलं. मग त्याला वाटलं, नुसतं ठेचाळून भागणार नाही, बाप उठेल आणि पुन्हा मागे येईल. तो तसाच आहे चिकट. मग जे वाटलं ते त्यानं शब्दांत वाटू दिलं नाही, पण वाटलं. म्हातारी माणसं अशी उन्हात चालता चालता जातातही. आणि ते वाटत असतानाच त्याच्या कानाजवळ तो हुंकार, तो तेलाचा वास, आणि मध्येच "याला माफ कर, याची कबर रुंद कर" ही कुणाच्याही सांगण्यावाचून चाललेली दुवा. दुवा त्याच्यासाठीच होती. दुसऱ्याच्या नावानं का होईना, ती त्याच्याच अंगावर पडत होती, आणि त्याला ती चादरीपेक्षा जास्त उकडत होती.

लहानपणी बाप त्याला नव्या जहाजाच्या पोटात सोडायचा. मोठ्या माणसाचा हात जिथे पोचत नाही तिथल्या फटींत कापूस दाबायला लहान बोटं लागायची. आत काळोख, डिंकाचा नि तेलाचा वास, आणि बाहेरून बापाच्या हातोडीचे ठोके. मध्येच ठोके थांबले की शेकुवे घाबरून ओरडायचा, "बाबा, आहेस ना?" आणि फळीच्या पलीकडून लगेच उत्तर यायचं, "आहे रे, इथेच आहे." हे त्याला आता आठवलं. असं काही आठवलं की माणूस विरघळतो असं म्हणतात. शेकुवेला फक्त त्या काळोखाचा तिटकारा आला. जन्मभर त्या पोटात राहायचं नाही म्हणून तर आपण इथे आलो, असं त्यानं स्वतःला बजावलं. आणि आई? आईला गेले कित्येक महिने बरं नसतंच. चार दिवस काढले तसे पाचवाही काढेल. आज फीत घ्यायची, उद्या पहाटेच्या पहिल्या होडीनं निघायचं, फीत तिला दाखवायची, तिला केवढं बरं वाटेल. उद्या. हे ठरताच त्याचा श्वास मोकळा झाला. उतार संपला होता आणि बाप पडला नव्हता.

पायांखाली वाळू आली तशी खांदेकऱ्यांची गती मंदावली. वारा चादरीत शिरला. शेकुवेला लाटा ऐकू आल्या, आणि मग कोंबोची शिटी.

ढोल एकदम फुटले. दोन्ही कर्णे किंचाळले. ठरल्याप्रमाणे तिघांनी जनाजा खाली सोडला. चौथ्याला काही ठाऊकच नव्हतं, त्याच्या खांद्यावर दांडा तसाच राहिला आणि तो दांड्यासकट गुडघ्यांवर वाळूत आला. शेकुवे चादर फेकून उठला. निळा कोट, सोनेरी पट्टे, घामानं निथळलेलं तोंड. दीडशे पोरांनी आरोळी ठोकली. किल्ल्याच्या कडेनं जमलेले चुईवाले शिव्या देत होते, ते पाहून आरोळी आणखी वाढली. तो नाचू लागला. पाय आपोआप पडत होते. नाचता नाचता त्याच्या टाचेखाली काहीतरी मऊ चिरडलं गेलं. जुंबेनं सगळे वडे संपवले नव्हते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं की बाप वाळूत बसून आहे, दोन्ही हात कानांवर, आणि तोंड उघडं. जुंबे त्याला काखेत हात घालून उठवत होता.

"घाबरू नका आजोबा! खोटी होती मयत! चेष्टा होती!"

"काय?"

"खोटी! मेलं नाही कुणी! तो बघा, नाचतोय तुमचा बेवारशी!"

बापाला समजायला वेळ लागला. तो ढोलांच्या दिशेनं मान वळवून, डोळे बारीक करून बघत राहिला, जिथे काहीतरी निळं हलत होतं. आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उघडत गेला. "जिवंत आहे? पोरगा जिवंत आहे?" तो ओरडला. "अल्हम्दुलिल्ला! अरे, जिवंत आहे!" त्यानं आपल्या मांडीवर थाप मारली, जुंबेच्या पाठीत धपाटा घातला, आणि दात नसलेल्या तोंडानं असा हसला की बघणारेही हसायचे थांबले. कुठल्या तरी अनोळखी, बेवारशी पोराच्या जगण्याचा त्याला आनंद झाला होता, साधा, पोटातून आलेला. डोळे पुसत तो म्हणत होता, "हरामखोरांनो, म्हाताऱ्याला असं फसवतात का रे?" पोरांना तो आवडला. दोघांनी त्याला उचलून पुढे आणलं, नाचाच्या रिंगणात, अगदी शेकुवेच्या समोर.

कोंबोनं हात वर केला आणि ढोल थांबले. त्याच्या हातात फीत होती. मनोवारीत पद घ्यायचं म्हणजे समुद्राकडे तोंड करून आपलं आणि आपल्या बापाचं नाव मोठ्यानं पुकारायचं, ते ऐकल्याशिवाय फीत लागत नसे. आणि हे शेकुवेला माहीत नव्हतं असं नाही. फक्त नाव पुकारताना बाप तीन हातांवर उभा असेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. लाटा येत होत्या. सगळे त्याच्याकडे बघत होते. बाप त्याच्याकडे बघत होता, म्हणजे तो जिथे असावा त्या दिशेला, अजून हसऱ्या तोंडानं, कान पुढे करून, कारण बेवारशी पोराला नाव असतं का याची त्यालाही उत्सुकता असावी. आता एकच नाव खरं होतं आणि दुसरं सगळ्यांना ठाऊक होतं. शेकुवेनं आवाज बदलून बघावा असा विचार केला. पण पुकारताना आवाज बदलत नाही.

"शेकुवे बिन मसूद!" तो ओरडला. "नाखवा मसूदचा मुलगा!"

बापाचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं आतून कुणीतरी उठून गेल्यासारखं.

"शाब्बास!" कोंबो म्हणाला आणि त्यानं फीत लावली. ढोलांचा एक गडगडाट झाला. खुशीत येऊन कोंबोनं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात टाकला. "काय आजोबा, जुने जाणते दिसता. नाखवा मसूदला ओळखत होतात का? पेम्ब्याच्या वाटेवर गेला बिचारा."

शेकुवेच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसत नव्हता.

"ओळखत होतो," बाप म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. "त्याच्या जहाजाच्या फटी मीच भरल्यात. चांगलं जहाज होतं. कुठं गळत नव्हतं."

"ऐकलंस शेकुवे? तुझ्या बापाला ओळखणारा निघाला!"

"आजोबा," जुंबेला मध्येच आठवलं, "पोचलो समुद्रावर. सांगा आता तुमच्या पोराचं नाव. इथंच असेल तर हुडकून देतो."

"राहू दे, लेकरा. चुकलंच माझं. ती मनोवारी निराळी." त्यानं अंगावरची वाळू झाडली, चाचपडत दोन पावलं पुढे आला आणि शेकुवेचा हात हातात घेतला, नव्या कॅप्टनचं अभिनंदन करायला सगळेच पुढे येत होते तसा. ढोल पुन्हा सुरू झाले होते. बापाचे हात खरखरीत होते, बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं. तोंड त्याच्या कानाशी नेऊन बाप म्हणाला, "कॅप्टनसाहेब, घरी एक बाई दाराकडे बघत पडलीय. तिला जाऊन सांगतो, पोरगा वारला. खांदा मी स्वतः दिलाय, तेव्हा खोटं नाही होणार. म्हणजे तीही मोकळी होईल."

मग त्यानं हात सोडला.

"लिकोनीची होडी कुठून सुटते?" बापानं विचारलं. "त्या ढोलांनी माझी दिशा चुकली."

शेकुवेनं बोट दाखवलं. बोट बापाला दिसत नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. बाप क्षणभर थांबला, उत्तर आलं नाही असं पाहून त्यानं मान हलवली आणि गर्दीतून वाट काढत निघाला. खांदा खाली गेला, वर आला, खाली गेला.

"काय म्हणाला रे म्हातारा?" कोंबोनं विचारलं.

"काही नाही. होडीची वाट विचारत होता."

"सांगितलीस ना?"

"सांगितली," शेकुवे म्हणाला. म्हातारा पुळणीवरून उलट्या बाजूला चालला होता. पोरांनी कॅप्टनला उचलून खांद्यावर घेतलं, आणि तिथून, वरून, त्याला तो बराच लांबपर्यंत दिसत राहिला.